खुले संगणक कॅबिनेट आणि शांत शीतकरण : छत्रपती संभाजीनगरच्या हवामानाच्या संदर्भात घरगुती संगणक-जुळणीचा विचार

सारांश

घरी जुळवलेल्या संगणकासाठी खुले कॅबिनेट घ्यावे की जाळीचे बंद कॅबिनेट घ्यावे आणि त्याच्या पंख्यांचा आवाज कसा कमी करावा, हे प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचे व खर्चाचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे उत्तर ज्या खोलीत संगणक ठेवायचा त्या खोलीच्या तापमानावर, तेथील धुळीवर आणि घरातील विद्युतजोडणीवर अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगरसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या शहरात हा विचार कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. शांतता ही पंख्यांच्या संख्येतून नव्हे, तर मुळात कमी उष्णता निर्माण करण्यातून मिळते, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष होय.

बीजसंज्ञा : असेंबल्ड संगणक, खुले कॅबिनेट, शीतकरण, पंखा, डेसिबल, धूळ, अर्थिंग.

१. प्रस्तावना

मराठवाड्यातील अनेक सायबर कॅफे, संगणक दुरुस्तीची दुकाने आणि कार्यालये यांमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत एक दृश्य परिचयाचे होते. कॅबिनेटच्या बाजूचे झाकण काढून ठेवलेले असे आणि आतील मदरबोर्डकडे तोंड करून एक टेबल-फॅन लावलेला असे. संगणक वारंवार बंद पडू लागला की कोणीतरी जाणकार हा उपाय सांगे आणि तो बहुधा लागूही पडे. ज्याला आज ‘खुले कॅबिनेट’ म्हणून काचेसह आकर्षक स्वरूपात विकले जाते, त्याचा हा लोकसिद्ध पूर्वावतार होता, असे म्हणावयास हरकत नाही. हा उपाय शास्त्रीयदृष्ट्या कितपत योग्य होता आणि त्याची किंमत कोणत्या स्वरूपात मोजावी लागत होती, येथूनच या विषयाच्या विचारास आरंभ करता येतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. २०२० मधील टाळेबंदीत तर घरातील अभ्यासिका हीच वर्गखोली झाली. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण, संशोधनासाठी लागणारे सांख्यिकीय विश्लेषण, रात्री उशिरापर्यंत चालणारे लेखन ही कामे आता घरच्या संगणकावर होतात. अशा वेळी संगणकाचा घरघराट ध्वनिमुद्रणात उतरतो, त्याच खोलीत झोपलेल्या माणसाची झोपमोड करतो आणि काम करणाऱ्यालाही नकळत थकवतो. स्वतःच्या पैशातून घेतलेले हे साधन दहा वर्षे टिकावे, ही अपेक्षाही गैर नाही.

२. उद्दिष्टे

१) संगणकातील उष्णता बाहेर पडण्याची प्रक्रिया सोप्या आकडेमोडीने स्पष्ट करणे.
२) छत्रपती संभाजीनगरच्या हवामानाचा त्या प्रक्रियेवर होणारा परिणाम पाहणे.
३) खुल्या व बंद कॅबिनेटचे गुणदोष तपासून निवडीचे व्यवहार्य निकष मांडणे.

३. अभ्यास पद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. उष्णतावहन, हवेची घनता आणि पंख्यांच्या ध्वनीविषयीचे सर्वमान्य नियम घेऊन त्यांच्या आधारे आकडेमोड केली आहे. ती आदर्श स्थितीतील आहे. प्रत्यक्षात कॅबिनेटची रचना, वायर्सची मांडणी व अडथळे यांमुळे आकडे बदलतात, परंतु तुलनेची दिशा बदलत नाही.

४. उष्णतेचा प्रश्न : पूर्वपीठिका

संगणक आणि उष्णता यांचा संबंध जन्मापासूनचा आहे. महाराष्ट्रातच, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि तापल्याशिवाय निर्वात नलिका काम करीतच नाही. पुढे सिलिकॉनच्या चिप आल्या आणि उष्णतेचा प्रश्न काही काळ मागे पडला. १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता सुमारे १५ वॅट, म्हणजे एका लहान दिव्याइतकी होती. २००४-०५ पर्यंत पेंटियम ४ मालिकेतील प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत पोहोचले. सायबर कॅफेतील टेबल-फॅनचा तो काळ होय. २००६ मध्ये आलेल्या ‘कोअर टू ड्युओ’ मालिकेने हा आकडा ६५ वॅटवर आणून दिलासा दिला. मात्र, २०२२ मधील ‘कोअर आय-९ १३९००के’ हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. ग्राफिक्स कार्डची उष्णता याहून वेगळी.

संगणकास लागणारी वीज अखेर जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेतच रूपांतरित होते, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. ३०० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे खोलीत ठेवलेली ३०० वॅटची शेगडीच होय. आठ तासांत तो २.४ युनिट वीज खर्च करतो आणि तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. पंखा, हीट सिंक किंवा पाण्याचे शीतकरण यांपैकी कोणतेही साधन ही उष्णता नाहीशी करीत नाही. ते तिला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते एवढेच.

५. शहराचे हवामान आणि उष्णतेची आकडेमोड

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर, दख्खनच्या बेसाल्ट पठारावर वसलेले आहे. पावसाळा जून ते सप्टेंबर या महिन्यांपुरता आणि बेताचा असतो. मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असते, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते १०-१२ अंशांपर्यंत उतरते. साहजिकच एकच अभ्यासिका हिवाळ्यात २० अंशांवर आणि उन्हाळ्यात, छतावरचा पंखा चालू असूनही, ३५ अंशांवर असू शकते.

या १५ अंशांच्या फरकाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बंद कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा ४५ अंशांपेक्षा अधिक तापू द्यावयाची नाही. संगणकाची एकूण उष्णता ३०० वॅट आहे. हिवाळ्यात खोलीतील हवा २० अंशांची असल्याने ती २५ अंशांनी तापली तरी चालते. या शहराच्या उंचीवरील हवेची घनता लक्षात घेतल्यास त्यासाठी ताशी सुमारे ३८ घनमीटर हवा पुरते. उन्हाळ्यात मात्र ३५ अंशांची हवा केवळ १० अंशांनीच तापू देता येते. तेव्हा त्याच संगणकाला ताशी सुमारे १०० घनमीटर हवा लागते, म्हणजे अडीच पटीहून अधिक. पठारावरील हवा विरळ असल्यामुळे पडणारा फरक यात अगदी अल्प आहे. निर्णायक ठरतो तो खोलीच्या तापमानातील फरक.

हवा अडीच पट हवी तर पंख्याचा वेगही अडीच पट हवा. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा ध्वनी सुमारे १५ डेसिबलने वाढतो, असा स्थूल नियम आहे. त्या हिशेबाने वरील उदाहरणात आवाज सुमारे २१ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ मानवी कानास साधारणपणे दुप्पट भासते, म्हणजे हा आवाज चौपट वाटेल. डिसेंबरमध्ये शांत म्हणून नावाजलेला संगणक मे महिन्यात गोंगाट का करू लागतो, याचे कारण यात आहे. थंड देशांतील परीक्षणे बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत केलेली असतात. ती वाचून केलेली निवड येथे फसते, तेव्हा दोष परीक्षणाचा नसून खोलीचा असतो.

आता हाच हिशेब १०० वॅटच्या संगणकास लावून पाहू. उन्हाळ्यात त्याला ताशी सुमारे ३३ घनमीटर हवा लागते. म्हणजेच ३०० वॅटच्या संगणकास हिवाळ्यात जेवढी हवा लागते, त्याहूनही ती कमी आहे. दुसऱ्या शब्दांत, कमी उष्णतेचा संगणक मे महिन्यातही तेवढाच शांत राहू शकतो, जेवढा अधिक उष्णतेचा संगणक डिसेंबरमध्ये राहतो. या एका तुलनेत प्रस्तुत विषयाचे सार आहे.

६. खुले कॅबिनेट : स्वरूप आणि लाभ

ज्या कॅबिनेटला बाजूचे पत्रे नसतात आणि मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड इत्यादी भाग एका चौकटीवर उघड्यावर बसवलेले असतात, त्यास खुले कॅबिनेट म्हणतात. अँटेक कंपनीचे २००८ मधील ‘स्केलेटन’, इन विन कंपनीचे २०१३ मधील ‘डी-फ्रेम’ आणि थर्मलटेक कंपनीचे ‘कोअर पी३’ ही या प्रकारातील परिचित उदाहरणे होत. ‘स्केलेटन’मध्ये भागांच्या वर २५० मिलिमीटर व्यासाचा एकच मोठा पंखा होता. टेबल-फॅनच्या जुन्या उपायाचीच ही सुधारित आवृत्ती म्हणता येईल. विशेष म्हणजे याच कंपनीने २००५ मध्ये आणलेले ‘पी१८०’ हे कॅबिनेट नेमक्या विरुद्ध विचारावर आधारलेले होते. त्याचे पत्रे आवाज अडवण्यासाठी तीन थरांचे केलेले होते. आवाज आत कोंडावा की उष्णतेला मोकळी वाट देऊन आवाज निर्माणच होऊ देऊ नये, हे दोन मार्ग तेव्हापासून समांतर चालत आलेले आहेत.

खुल्या कॅबिनेटचा लाभ नेमका किती, हे वरील आकडेमोडीतून समजते. बंद कॅबिनेटमधील भागांना खोलीची हवा न मिळता आत तापलेली हवा मिळते. खुल्या कॅबिनेटमध्ये ही मधली वाढ जवळजवळ नाहीशी होते. १०० वॅटच्या संगणकात पंखे ताशी ६० घनमीटर हवा खेळवत असतील, तर उन्हाळ्यात ही वाढ सुमारे साडेपाच अंश असते. ५०० वॅटच्या संगणकात ताशी १०० घनमीटर हवा खेळत असली, तरी वाढ सुमारे १७ अंशांपर्यंत जाते. म्हणजे झाकण काढल्याने पहिल्या संगणकाला जास्तीत जास्त साडेपाच अंशांचा, तर दुसऱ्याला सतरा अंशांचा लाभ होतो.

येथे एक विसंगती दृष्टीस पडते. खुल्या कॅबिनेटचा लाभ जेथे मोठा आहे, त्या संगणकाला उन्हाळ्यात शांत ठेवणे मुळातच कठीण असते. जो संगणक सहज शांत राहू शकतो, त्याला खुल्या कॅबिनेटची फारशी गरज नसते. शांततेच्या अपेक्षेने खुले कॅबिनेट घेणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. शिवाय खुल्या चौकटीत आवाज अडवणारे काहीच नसते. हार्ड डिस्कची थरथर, ग्राफिक्स कार्डच्या कॉइलची बारीक शिट्टी, पंख्याच्या बेअरिंगची कुरकुर हे सर्व थेट कानावर येते.

खुल्या रचनेच्या बाजूनेही काही मुद्दे नोंदवणे न्यायाचे ठरेल. १२०० मिलिमीटरचा छताचा पंखा मिनिटाला दोनशे घनमीटरहून अधिक हवा हलवतो. खुल्या चौकटीला त्याचा फायदा आपोआप मिळतो. चौकटीवरील धूळ डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती वेळेवर झटकली जाण्याची शक्यता असते. वारंवार भाग बदलणाऱ्या किंवा विद्यार्थ्यांना संगणकाची अंतर्रचना समजावून सांगणाऱ्या अध्यापकास तर असे कॅबिनेट उत्तम शैक्षणिक साधन ठरते. मात्र, वीज गेल्यावर यूपीएसवर संगणक चालू राहतो आणि छताचा पंखा थांबतो. इन्व्हर्टर नसलेल्या घरात त्या काळातील वाढते तापमान हिशेबात धरावे लागते.

७. धूळ, ओलावा, जीवजंतू आणि अर्थिंग

मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंत या भागात वारा सुटला की काळ्या मातीची बारीक धूळ बंद खिडक्यांतूनही घरात येते. ही धूळ हीट सिंकच्या पात्यांमध्ये साचून उष्णतेची वाट अडवते. पावसाळ्यात तीच धूळ ओलावा धरून ठेवते आणि मदरबोर्डवरील संपर्कबिंदू गंजण्यास मदत करते. खुल्या कॅबिनेटला गाळणी नसते. बंद कॅबिनेटला असते, परंतु ती वेळच्या वेळी धुतली नाही तर हवेचीच कोंडी होते. न धुतलेली गाळणी ही गाळणी नसण्यापेक्षा अधिक घातक, हे अनुभवाचे सूत्र आहे.

उन्हाळ्यात येथील घरोघरी पाण्याचा कूलर चालतो. कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान चांगलेच उतरवतो आणि त्या प्रमाणात संगणकालाही दिलासा देतो. तथापि त्याच्या थेट झोतात संगणक ठेवणे धोक्याचे असते. झोताबरोबर आलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर मागे ठेवतात. बोअरच्या जड पाण्यामुळे हा थर लवकर साचतो. खुल्या चौकटीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. कूलरचा स्वतःचा आवाज इतका असतो की त्याच्यापुढे संगणकाचा आवाज ऐकूच येत नाही, ही गोष्टही शांततेसाठी खर्च करणाऱ्याने विसरू नये. शांत संगणकाची खरी कसोटी छताचा पंखाही बंद असलेल्या थंडीच्या रात्री आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी लागते.

पाली, झुरळे आणि उंदीर हे आपल्याकडील घरांचे कायमचे भाडेकरू होत. रात्री उबदार जागा शोधणारी पाल उघड्या मदरबोर्डवर किंवा ग्राफिक्स कार्डच्या मागील बाजूस चढली, तर शॉर्टसर्किट होऊन पालीचा आणि संगणकाचा एकदमच शेवट होऊ शकतो. लहान मुलांची बोटे फिरत्या पंख्यापर्यंत पोहोचणे, टेबलावरील चहा सांडणे या शक्यताही खुल्या कॅबिनेटमध्ये वाढतात.

याहून गंभीर मुद्दा अर्थिंगचा आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विद्युत गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात, ते धातूच्या सांगाड्याशी जोडलेले असतात. घरातील तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर सांगाड्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या जाणवतात. पण पेन ड्राइव्ह किंवा मायक्रोफोन जोडताना तेवढ्यानेही भाग निकामी होऊ शकतो आणि एसएमपीएसमध्ये दोष निर्माण झाल्यास जिवावर बेतू शकते. जेथे हात सतत धातूच्या चौकटीला लागतो, त्या खुल्या कॅबिनेटसाठी अर्थिंग ही पूर्वअटच मानावी. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत पाळणे हिताचे असते.

८. शांत शीतकरणाचे उपाय

अ) उष्णता कमी करणे : लेखन, अध्यापन, सांख्यिकीय विश्लेषण आणि साधारण चित्रफीत-संपादन यांसाठी ६५ वॅटचा प्रोसेसर व त्यातीलच अंगभूत ग्राफिक्स पुरेसे ठरतात. अधिक क्षमतेचा प्रोसेसर आधीच असल्यास बायॉसमधून त्याची वीजमर्यादा खाली आणता येते. व्होल्टेज आणि वारंवारता दोन्ही उतरत असल्याने वीज जितकी घटते तितका वेग घटत नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुरती ही मर्यादा लावणे म्हणजे एक पैसाही खर्च न करता मिळवलेली शांतता होय.

आ) मोठे व संथ पंखे : एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर एकूण हवा तेवढीच राहते. प्रत्येक पंख्याचा आवाज १५ डेसिबलने उतरतो आणि दोन्हींचा मिळून ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे निव्वळ लाभ सुमारे १२ डेसिबलचा होतो. १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा घेतल्यास तेवढीच हवा सुमारे ६३ टक्के वेगात मिळते आणि आवाज सुमारे ५ डेसिबलने कमी होतो. चार पिनांचा, वेगनियंत्रण असलेला पंखा घ्यावा. बायॉसमध्ये त्याचा वेग तापमानाबरोबर हळूहळू वाढेल अशी व्यवस्था करावी, कारण एकसारख्या आवाजापेक्षा वारंवार चढउतार करणारा आवाज मनास अधिक त्रास देतो.

इ) प्रोसेसरचा कूलर : प्रोसेसरबरोबर मिळणारा छोटा पंखा बहुधा गोंगाटाचे मूळ असतो. त्याऐवजी उष्णतानलिका असलेला उभा ‘टॉवर’ कूलर लावल्यास पात्यांचे क्षेत्रफळ वाढते व पंखा संथ ठेवता येतो. नोक्टुआ कंपनीने २०२१ मध्ये ‘एनएच-पी१’ हा पंख्याशिवाय चालणारा कूलरही आणला. अशा साधनाला तापलेली हवा वर जाण्यास मोकळी जागा लागते. खुले कॅबिनेट खऱ्या अर्थाने शांततेला उपकारक ठरते ते या ठिकाणी.

ई) पाण्याचे शीतकरण : शहरातील पाणचक्कीच्या हौदाखालील दालनात भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो, कारण वरचे पाणी भरपूर उष्णता सामावून घेते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाण्याची ही क्षमता साडेतीन ते चार हजार पट असते. संगणकातील पाण्याचे शीतकरणही याच गुणाचा उपयोग करते. मात्र हौदात पाणी सतत वाहून येत होते आणि संगणकात तेच पाणी फिरत राहते. ते अखेर रेडिएटरमधून खोलीच्या हवेनेच थंड करावे लागते. त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली तेही नेऊ शकत नाही. वर पंपाचा आवाज वाढतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी हा खर्च अनाठायी होय.

उ) एसएमपीएस आणि साठवण : ३०० वॅट पुरवताना ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस ७५ वॅट उष्णता निर्माण करतो, तर ९० टक्के कार्यक्षमतेचा केवळ ३३ वॅट. चांगल्या एसएमपीएसवर केलेला खर्च असा शांततेच्या रूपाने परत मिळतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्यास एक फिरता भाग कायमचाच जातो.

ऊ) जागा : आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केल्यास मोकळ्या जागेत तो ६ डेसिबलने कमी होतो, बंद खोलीत त्याहून काहीसा कमी. टेबलावर डोक्याशेजारी ठेवलेले खुले कॅबिनेट आणि टेबलाखाली, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलेले बंद कॅबिनेट यांची तुलना करताना हा घटक धरला पाहिजे. मायक्रोफोन तोंडाजवळ आणि संगणक दूर, एवढ्या साध्या बदलानेही ध्वनिमुद्रण सुधारते.

केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ४० डेसिबल आहे. ही मर्यादा परिसरासाठी आहे, खोलीतील यंत्रासाठी नव्हे. तरीही तुलनेसाठी ती उपयुक्त आहे. जे शांतता क्षेत्र रुग्णालये, न्यायालये व शिक्षणसंस्थांभोवती आखले जाते, तेवढी शांतता अध्यापकाने आपल्या अभ्यासिकेत अपेक्षावी, यात अवाजवी काही नाही.

९. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून पुढील निकष मांडता येतात.

१) संगणकाची एकूण उष्णता १५० वॅटच्या आत असेल, तर पुढील बाजूस जाळी व धुता येणारी गाळणी असलेले बंद कॅबिनेट घ्यावे. पुढे दोन आणि मागे एक संथ पंखा लावावा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही.

२) स्वतंत्र खोली, खात्रीचे अर्थिंग, लहान मुलांचा वावर नसणे आणि दर आठवड्याला मऊ ब्रशने साफसफाई करण्याची तयारी, या चारही अटी पूर्ण होत असतील तरच खुले कॅबिनेट निवडावे. पंख्याशिवाय चालणारा कूलर वापरावयाचा असल्यास त्याचा विचार अवश्य करावा.

३) जड ग्राफिक्स कार्डाची खरोखर गरज असेल, तर उन्हाळ्यातील आवाज गृहीत धरावा आणि मोठी कामे रात्री किंवा पहाटे लावावीत. खोलीचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, तर महागडा कूलर बदलण्याइतकाच लाभ होतो.

४) जुळणीची चाचणी शक्यतो उन्हाळ्यात दुपारी घ्यावी. हिवाळ्यात घेतल्यास दिसणाऱ्या तापमानात १५ अंश मिळवून पाहावे. अनेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर स्वतःचा वेग घटवतात. त्यामुळे संगणक जळत नाही, तो मंदावतो. ही मंदगती पुष्कळदा सॉफ्टवेअरचा दोष समजली जाते.

५) गाळणी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढल्यास सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे स्वच्छतेत गेलेली दहा मिनिटे संगणकाच्या आयुष्यात जमा होतात.

१०. निष्कर्ष

झाकण काढून टेबल-फॅन लावण्याचा मराठवाड्यातील जुना उपाय अर्धा बरोबर होता. बंद पत्र्यात कोंडलेली उष्णता त्याने मोकळी केली, कारण त्या काळातील कॅबिनेटमध्ये हवा खेळण्याची सोयच अपुरी होती. परंतु त्याने धुळीलाही तेवढीच मोकळी वाट दिली, म्हणून तो तात्पुरता उपायच राहिला. आज जाळीच्या कॅबिनेटमुळे आणि मोठ्या संथ पंख्यांमुळे त्यातील लाभ झाकण न काढताही बहुतांशी मिळू शकतो.

खुले कॅबिनेट सरसकट चांगले नाही आणि सरसकट त्याज्यही नाही. ते ज्या खोलीत ठेवायचे ती खोली आणि ज्या हातांनी त्याची निगा राखायची ते हात, यांवर त्याची योग्यता ठरते. शांततेच्या बाबतीत मात्र निःसंदिग्धपणे सांगता येते की ती कॅबिनेटबरोबर विकत मिळत नाही. कामाची नेमकी गरज ओळखून प्रोसेसर निवडतानाच तिचा पाया घातला जातो. चाळीस अंशांच्या दुपारी ज्या अभ्यासिकेत अध्यापकास व्याख्यान मुद्रित करावयाचे आहे, तेथे सर्वांत शांत पंखा तोच, ज्याला फिरण्याची गरज सर्वांत कमी पडते.